एक कंपनी की अवघे जग?

(महोत्सवी सभेत दिलेले भाषण)



पोटाला चिमटा घेऊन जमविलेली शिल्लक एखाद्या वीज कंपनीच्या शेअरमध्ये घालावी, की जगातील शेकडो कंपन्यांत वाटली जाणाऱ्या इंडेक्स फंडात, हा प्रश्न आता आपल्या बुऱ्हाणपुरातही निघू लागला आहे. त्याविषयी आम्ही चार शब्द सांगावे, अशी मंडळाची आज्ञा झाली.

‘विजेवाचून कोणाचे अडत नाही असे नाही, मग वीज कंपनी बुडेल कशी?’ असे पुष्कळ जण विचारतात. यंत्रमागांच्या या गावी ते चटकन पटते. परंतु मालाची गरज निराळी आणि तो विकणाऱ्या कंपनीचा नफा निराळा.

कोकणात दाभोळचा वीज प्रकल्प उभारणारी अमेरिकेची एन्रॉन कंपनी आपणांस ठाऊक आहेच. ऑगस्ट २००० मध्ये तिच्या शेअरचा भाव ९० डॉलरच्या घरात होता. पुढे हिशेबातील लबाडी उघडकीस आली आणि डिसेंबर २००१ मध्ये तिचे दिवाळे वाजले. नोकरांच्या निवृत्तिनिधीतील निम्म्याहून अधिक रक्कम तिच्याच शेअरमध्ये होती. हजारोंची नोकरी आणि पुंजी बरोबरच गेली. विजेची गरज मात्र तशीच राहिली.

त्याच सुमारास अमेरिकेच्या ५०० कंपन्यांच्या निर्देशांकातून एन्रॉन वगळली गेली व तिच्या जागी एन्व्हिडिया आली. त्या निर्देशांकाच्या फंडांनाही एन्रॉनचा तोटा सोसावा लागला. पण तो ५०० पैकी एका कंपनीपुरता, आणि नवी कंपनी आपोआप पदरात पडली. जागतिक फंडाची रीत हीच, फक्त देश अनेक. ऊर्जा कंपन्याही त्यात असतातच.

तथापि ही हमी नव्हे. २००८ साली विकसित देशांचा जागतिक निर्देशांक सुमारे ४० टक्के घसरला होता. म्हणून दोन-चार वर्षांत लग्नाला वा शिक्षणाला लागणारा पैसा तेथे नसावा. फंडाचा वार्षिक खर्चही पाहून घ्यावा.

आमचे सांगणे इतकेच : ज्या धंद्यावर आपली रोजी, त्याच धंद्यात बचतही अडकवू नये. एका वावटळीत केळीची बाग आडवी होते, हे येथे कोणास सांगावयास नको. एखाद्या शेअरवर मन बसलेच, तर जी रक्कम गेली तरी घरची चूल पेटती राहील, तेवढीच त्यात घालावी.