घरची पंगत शेवटी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. मी मुंबई विमानतळावर प्रवाशांच्या काउंटरवर तीस वर्षं नोकरी केली. तिथल्या गमती पुष्कळ आहेत, पण आज एक उपयोगाची गोष्ट सांगणार आहे. आपल्यापैकी काही जणांची मुलं, सुना, जावई आता विमान कंपन्यांत लागले आहेत. आज ना उद्या ते म्हणतील, 'आई, बाबा, माझ्या स्टाफ तिकिटावर फिरून या.' त्या तिकिटावर जाताना काय घालायचं आणि कसं वागायचं, हे कुणी नीट समजावून सांगत नाही.

आपल्या वर्गात भुसावळहून अप-डाऊन करणारी रेल्वेवाल्यांची मुलं होती. त्यांच्या घरी पास असायचा. त्या पासावर रीतसर आरक्षण व्हायचं, बर्थ मिळायचा. विमानाचं स्टाफ तिकीट वरून तसंच वाटतं, पण त्यात जागेची हमी नसते. मूळ भाड्यात मोठी सूट असते, पुष्कळदा ९० टक्के. म्हणून त्याला 'आयडी ९०' म्हणतात. कर वेगळे भरावे लागतात. आणि मुख्य अट ही, की पैसे भरलेले सगळे प्रवासी बसल्यावर जागा उरली, तरच तुम्ही बसायचं. 'सब्जेक्ट टू लोड'चं आम्ही 'सब्लो' करून टाकलं होतं. 'कन्फर्म की सब्लो?' हा आमच्यातला रोजचा प्रश्न.

उरलेली जागा कुणाला द्यायची, याचाही क्रम असतो. सहसा आधी त्या कंपनीची माणसं, मग दुसऱ्या कंपन्यांची. काही ठिकाणी नोकरीला लागल्याची तारीख बघतात, काही ठिकाणी काउंटरवर आधी कोण आलं ते बघतात. आणि कधी कधी खुर्ची रिकामी असूनही मिळत नाही. आपल्या जळगावचंच उदाहरण घ्या. डिसेंबर २०१७ मध्ये उडान योजनेतून इथून मुंबईचं विमान सुरू झालं, मध्ये खंड पडला, आणि २०२४ मध्ये गोवा, हैदराबाद, पुणे अशी विमानं सुरू झाली. ही सत्तरेक खुर्च्यांची, पंख्याची विमानं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो. तापलेली हवा विरळ होते, विमानाला उचल कमी मिळते, म्हणून वजन कमी करून उडावं लागतं. अशा दुपारी सब्लोवाल्याला खाली ठेवलं, तर तो काउंटरवरच्या मुलीचा दोष नसतो. तिच्याशी हुज्जत घालून हवा थंड होत नाही.

मला हे सगळं आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीसारखं वाटतं. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी आधी पाहुण्यांना वाढायची, मग गावाला. वाढणारी घरची पोरं शेवटच्या पंगतीला बसतात. तोवर भाजी संपली असेल, तर वरण-बट्टीवर भागवायचं आणि पाहुण्यांना कळूही द्यायचं नाही. उशिरा वाढलं म्हणून घरच्या माणसाचा मान कमी होत नाही. घर त्याचं असतं, म्हणूनच तो शेवटी बसतो. विमानातही तसंच. जेवणाचे दोन प्रकार असतील आणि एक संपत आला असेल, तर स्टाफच्या माणसाने उरेल ते घ्यायचं.

आणि घरचं माणूस मांडवात मळक्या कपड्यांनी फिरत नाही. स्टाफ तिकिटावरच्या कपड्यांच्या नियमामागे एवढाच विचार आहे. पूर्वी वरच्या वर्गात बसायचं, तर पुरुषांना कोट-टाय लागायचा. आता नियम पुष्कळ सैल झाले आहेत. तरी रबरी चपला, हाफ पँट, बनियनसारखे कपडे, फाटकी जीन्स, वाह्यात मजकूर छापलेले टी-शर्ट अनेक कंपन्यांत आजही चालत नाहीत.

या नियमावरून जगभर गाजलेला प्रसंग अमेरिकेतला आहे. २६ मार्च २०१७ रोजी युनायटेड एअरलाइन्सच्या डेन्व्हर ते मिनियापोलिस विमानात दोन किशोरवयीन मुलींना लेगिंग्ज घातल्या म्हणून चढू दिलं नाही. त्या स्टाफच्या पासवर होत्या. विमानतळावरच्या एका बाईंनी ते ट्विटरवर लिहिलं आणि गहजब झाला. कंपनीचं म्हणणं असं, की तिकीट काढणाऱ्याने लेगिंग्ज घातल्या तर आमची हरकत नाही, पण पासवर जाणारा माणूस कंपनीचा समजला जातो. टीका करणाऱ्यांचं म्हणणं असं, की असे नियम नेमके मुलींनाच जास्त जाचतात. मला विचाराल, तर नियम असावा, पण नीटनेटकं कशाला म्हणायचं ते ठरवणाऱ्याची नजरही स्वच्छ असावी.

तसा एक प्रसंग माझ्या समोर घडला. सामान चढवणारा एक मुलगा धुळे जिल्ह्यातला होता. आईवडिलांना पहिल्यांदाच विमानाने दिल्लीला पाठवत होता. आई नऊवारीत, वडिलांचा पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, डोक्याला टोपी, पायात वहाणा. दोघांचेही कपडे परीटघडीचे. एक नवा अधिकारी मुलाला म्हणाला, 'वडिलांना पँट घालायला सांग, ड्रेस कोड आहे.' मुलगा कावराबावरा झाला. स्वतःच्या पिशवीतली पँट काढून वडिलांपुढे धरायला निघाला. मी त्याला थांबवलं आणि नियमाचा कागद मागवला. त्यात 'स्वच्छ आणि नीटनेटका पोशाख' एवढंच होतं. मी म्हटलं, 'साहेब, या रांगेत यांच्याइतके स्वच्छ कपडे कुणाचे आहेत, ते दाखवा.' साहेब गप्प झाले.

पहिल्या विमानात जागा नव्हती, दुसऱ्यातही नव्हती. वडील बाकावर ताठ बसून होते, एकदाही काउंटरवर चौकशीला आले नाहीत. संध्याकाळच्या विमानात दोन जागा निघाल्या, त्याही वेगवेगळ्या रांगांत. मी जरा संकोचून सांगितलं, तर ते हसून म्हणाले, 'चाली जाई, बेटा.' स्टँडबायची रीत त्यांना कुणी शिकवली नव्हती. पंगतीची रीत त्यांना माहीत होती.

म्हणून तुमच्या मुलांना सांगा, की निघण्यापूर्वी आपल्या कंपनीचा नियम वाचा आणि आईबापांना नीट समजावा, पण त्यांच्या टोपीची, नऊवारीची लाज धरू नका.

आता आपल्यासाठी चार गोष्टी. पहिली, वेळेआधी पोहोचायचं, यादीत नाव आहे याची एकदा खात्री करायची आणि पुकारा ऐकू येईल अशा जागी बसायचं. सामान एका लहान बॅगेत मावेल एवढंच, कारण जागा मिळाल्याचं अगदी शेवटी कळतं. दुसरी, आपलं तिकीट किती स्वस्त, हे शेजाऱ्याला सांगायचं नाही. त्याने पूर्ण पैसे मोजलेले असतात. खिडकी मागायची नाही, वरच्या वर्गाची जागा मागायची नाही. तिसरी, बसल्यावरही कुणी येऊन 'उतरावं लागेल' म्हणालं, तर तोंड वाकडं न करता उठायचं. चौथी, ज्या दिवशी पोहोचणं भागच आहे, त्या दिवशी सब्लोच्या भरवशावर निघायचंच नाही. लग्न असो, मुलाखत असो, दवाखाना असो, सरळ तिकीट काढा. एरवीही परतीचा दुसरा मार्ग ठेवा. मुंबईत अडकलात, तर जळगावला विदर्भ एक्सप्रेस आहे, धुळ्याला रात्रीची बस आहे. तेवढे पैसे खिशात हवेत.

हे का पाळायचं? कारण तिकीट तुमच्या मुलाच्या नावावर निघतं. तुम्ही काउंटरवर आवाज चढवलात, तर त्याची सवलत बंद होऊ शकते, प्रकरण वाढलं तर नोकरीवरही बेतू शकतं.

आपल्यापैकी कुणाचा गणवेश टेरिकॉटचा होता, कुणाचा थोरल्या भावाचा उसवून बेतलेला. तांब्यात निखारे घालून इस्त्री करणारेही आपल्यात होते. इथे बसलेल्या आपल्या बाईंनी कधी कापडाची किंमत विचारली नाही. शर्ट धुतलेला आहे का आणि बटणं लागली आहेत का, एवढंच त्या बघायच्या. विमानतळावर तीस वर्षं मी माणसांकडे त्याच नजरेने बघितलं. बाई, ती नजर तुमची.

आता जेवणाची वेळ झाली आहे. आपले संयोजक सकाळपासून उभे आहेत आणि शेवटच्या पंगतीला बसणार आहेत. त्यांच्यासाठी भरीत शिल्लक ठेवा, एवढी विनंती करते आणि थांबते.