वैद्याच्या मेजावरील ग्रंथ

सन १६४९ मध्यें लंडन शहरांत एक पुस्तक प्रसिद्ध झालें आणि त्यामुळें तेथील वैद्यमंडळ संतापून गेलें. पुस्तकाचा कर्ता निकोलस कल्पेपर. औषधविक्रेत्याच्या दुकानांत उमेदवारी केलेला आणि गोरगरिबांस औषध देणारा हा गृहस्थ. त्याचा अपराध एवढाच कीं, वैद्यमंडळानें १६१८ सालीं लॅटिन भाषेंत सिद्ध केलेला अधिकृत औषधग्रंथ त्यानें मंडळास न विचारतां इंग्रजींत उतरविला आणि वर मंडळाच्या कारभारावर चार तिखट शेरेही मारले. औषधांत काय पडतें हें वैद्यानें जाणावें, विक्रेत्यानें हुकुमाप्रमाणें तें कुटावें आणि रोग्यानें डोळे मिटून प्यावें, अशी त्या काळची वांटणी होती. कल्पेपरनें ती मोडली.

या गोष्टीस पावणेचारशें वर्षें लोटलीं. परंतु वैद्याच्या मेजावर जो ग्रंथ असतो तो कोणीं लिहावा, कोणीं वाचावा आणि किती दिवसांनीं नवा करावा, हे तिन्ही प्रश्न अद्यापि मिटलेले नाहींत.

आपल्याकडील जुन्या वैद्यास निघंटु पाठ असे. वनस्पतीचीं नांवें, तिचे गुण, तिचें वीर्य हें सर्व श्लोकांत बांधलेलें. पाठांतर दांडगें असलें म्हणजे ग्रंथ उघडण्याचें कारण पडत नसे. आजच्या डॉक्टरास ती सोय उरलेली नाहीं. औषधांची संख्या मोठी आहेच; शिवाय प्रत्येक औषधास एक रासायनिक नांव, एक सर्वमान्य मूळ नांव आणि निरनिराळ्या कारखान्यांनीं ठेवलेलीं कित्येक व्यापारी नांवें. कोणतें औषध कोणत्या विकारांत द्यावें, मात्रा किती, मूत्रपिंड दुबळें असल्यास ती किती उतरवावी, गरोदर स्त्रीस द्यावें कीं नाहीं, दुसऱ्या कोणत्या औषधाबरोबर तें विष ठरेल, हें सर्व तोंडपाठ असल्याची बढाई शहाणा डॉक्टर मारीत नाहीं. तो पुस्तक उघडतो. रोग्याच्या देखत उघडण्याचा मात्र पुष्कळांस संकोच वाटतो. तो वाटण्याचें खरोखर कांहीं कारण नाहीं.

अमेरिकेंत असें पुस्तक १९४७ सालीं निघालें. 'फिझिशियन्स डेस्क रेफरन्स' हें त्याचें नांव. लोक त्यास 'पी. डी. आर.' म्हणत. त्याची दरवर्षीं नवी आवृत्ति निघे. पुढें पुढें तर तें तीन हजारांहून अधिक पानांचें झालें. टाईप बारीक आणि वजन एका हातांत न पेलणारें. मध्यें गोळ्यांचीं आणि कॅपसुलांचीं मूळ आकाराचीं रंगीत चित्रें असत. मुलानें एखादी अनोळखी गोळी गिळली, तर ती कोणती याचा पत्ता त्या चित्रांवरून लागूं शके. डॉक्टरांस हा ग्रंथ फुकट मिळे. फुकट मिळणाऱ्या वस्तूचे पैसे दुसरा कोणी तरी भरीत असतो. येथें ते औषधांचे कारखानदार भरीत. आपल्या औषधाचें वर्णन छापविण्याबद्दल ते प्रकाशकास मोल देत.

म्हणजे ग्रंथ ही नुसती जाहिरात होती काय? तसेंही नव्हे. कारखानदारास मन मानेल तें लिहितां येत नसे. सरकारच्या अन्न व औषध खात्यानें मंजूर केलेलें वेष्टनपत्रक त्यांत छापावें लागे. या पत्रकामागें एक दारुण इतिहास आहे.

सल्फानिलामाइड हें औषध त्या काळीं नवें आणि गुणकारी होतें. १९३७ सालीं एका अमेरिकन कारखान्यानें तें पातळ रूपांत विकावयाचें ठरविलें. औषध पाण्यांत नीट विरघळेना, तें डायएथिलिन ग्लायकॉल या द्रव्यांत विरघळलें. द्रव्य गोडसर, त्यांत रासबेरीचा स्वाद घातला आणि बाटल्या देशभर रवाना झाल्या. त्या द्रव्यानें मनुष्याच्या मूत्रपिंडाचें काय होतें हें तपासण्याची तसदी कोणीं घेतली नव्हती. शंभरावर माणसें दगावलीं. त्यांत मुलें पुष्कळ. सर्वांत विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. त्या वेळच्या कायद्यानें कारखान्याकडे बोट दाखवावयास जागा होती ती एवढीच कीं, 'एलिक्सिर' म्हटलें म्हणजे त्यांत मद्यार्क असावयास हवा आणि या बाटलींत तो नव्हता! माणसें मेलीं हा गुन्हा ठरत नव्हता; नांव चुकलें हा ठरत होता. १९३८ सालीं कायदा बदलला आणि औषध निर्धोक असल्याचें विक्रीपूर्वीं दाखविणें भाग पडलें. तें गुणकारीही असल्याचें सिद्ध करण्याची सक्ति व्हावयास १९६२ साल उजाडलें. आपण हें दूरच्या देशाचें म्हणून ऐकून सोडूं नये. हेंच द्रव्य १९८६ सालीं मुंबईच्या एका रुग्णालयांत ग्लिसरीनमधून रोग्यांच्या पोटांत गेलें आणि माणसें मेलीं. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें त्याची चौकशी केली.

तेव्हां वेष्टनपत्रक ही मोलाची वस्तु खरी. पण तिची जातकुळी कायद्याच्या कागदाची. तींत दुष्परिणामांची लांबच लांब यादी असते. डोकेदुखी आणि यकृताचा नाश शेजारीं शेजारीं बसलेले. उद्यां खटला झाला तर 'हें आम्हीं सांगितलें होतें' असें म्हणतां यावें, हाही त्या यादीचा एक हेतु. दुसरें, त्यांत तुलना नसते. या औषधापेक्षां तें जुनें, स्वस्त औषध बरें, असें कोणता कारखानदार पदरचे पैसे देऊन छापील? अमेरिकन खात्यानें २००६ सालीं पत्रकाच्या आरंभीं मुख्य गोष्टींचा गोषवारा देण्याचा नियम केला, तेव्हां कोठें डॉक्टरास हवी ती ओळ लवकर सांपडूं लागली.

छापील वार्षिक ग्रंथाची आणखी एक अडचण आहे. रोफेकॉक्सिब नांवाचें सांधेदुखीवरील औषध १९९९ पासून अमेरिकेंत विकलें जात होतें. त्यानें हृदयविकाराचा धोका वाढतो असें दिसून आल्यावर ३० सप्टेंबर २००४ रोजीं तें बाजारांतून मागें घेतलें गेलें. भारतांत डिसेंबरमध्यें त्यावर बंदी आली. पण त्या वर्षाचा ग्रंथ आधींच छापून मेजामेजांवर पडलेला होता आणि त्यांत तें औषध जसेंच्या तसें होतें. शाई वाळली म्हणजे पुस्तक आपलें मत बदलीत नाहीं.

इंग्लंडांत निराळी वाट धरली गेली. महायुद्धांत औषधांची टंचाई पडली, तेव्हां १९४१ मध्यें एक लहानसें युद्धकालीन योगपुस्तक काढण्यांत आलें. त्यांतूनच १९४९ सालीं 'ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरी' जन्मास आली. डॉक्टरांची संघटना आणि औषधशास्त्रज्ञांची संघटना या दोघींनीं मिळून ती चालविली. मधल्या काळांत हें पुस्तक मागें पडलें. १९५९ पासून निघूं लागलेल्या 'मिम्स' सारख्या व्यापारी सूचीच डॉक्टरांस अधिक हाताशीं वाटूं लागल्या. तेव्हां १९८१ सालीं तें समूळ नव्यानें लिहून काढलें आणि दर सहा महिन्यांनीं आवृत्ति सुरू केली. २००५ पासून मुलांसाठीं वेगळा ग्रंथ निघतो. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ मनुष्य नव्हे, हें त्यामागचें तत्त्व. या ग्रंथाचा विशेष असा कीं, तो औषधाची किंमत सांगतो आणि अमुक औषध लिहून देण्यास कमी योग्य, असा शेराही मारतो. 'नको' म्हणण्याचें धैर्य असलेला ग्रंथ शंभर 'घ्या' म्हणणाऱ्या ग्रंथांहून अधिक विश्वासाचा.

आपल्या देशाची कथा थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. अभिमानाचा भाग तिच्या आरंभीं आहे. १८६८ सालीं एडवर्ड वेअरिंग यानें संपादिलेला 'फार्माकोपिया ऑफ इंडिया' निघाला. लगेच दुसऱ्या वर्षीं मद्रासच्या मोहिदीन शरीफ यांनीं त्यास पुरवणी जोडली आणि तींत औषधींचीं नांवें मराठीसह अनेक देशी भाषांत दिलीं. ज्याच्या हातीं मुळी येते तो ती कोणत्या नांवानें ओळखतो, याचा विचार करणारा हा विद्वान. स्वातंत्र्यानंतर १९५५ सालीं भारतीय औषधकोश आला. परंतु तो औषधाची शुद्धता तपासणाऱ्यांसाठीं. औषध लिहून देणाऱ्यासाठीं 'नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया' १९६० सालीं निघाली. दुसरी आवृत्ति १९६६ ची, तिसरी १९७९ ची आणि चवथी, श्रोत्यांनीं आंकडा नीट ऐकावा, २०११ ची. बत्तीस वर्षें! या अवधींत औषधांची एक सबंध पिढी आली आणि कांहीं औषधें येऊन गेलींही. रोफेकॉक्सिबचेंच पाहा, सरकारी पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांमधील फटींत त्याचा जन्म आणि अंत दोन्ही झाले. एवढा काळ आपल्या डॉक्टरांनीं कशाच्या आधारें औषध लिहिलें? व्यापारी सूचींच्या, आणि कारखान्याच्या प्रतिनिधीनें बॅगेंतून काढून दिलेल्या गुळगुळीत चोपड्यांच्या. या बाबतींत दोष एकट्या डॉक्टरांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. गाझियाबाद येथील आयोगानें पुढें २०१६ व २०२१ सालीं आवृत्त्या काढल्या, ही समाधानाची गोष्ट.

आतां यंत्रांकडे वळूं. अमेरिकेंत १९७४ च्या सुमारास विषांची माहिती सूक्ष्मचित्रांच्या पट्ट्यांवर उतरवून रुग्णालयांत ठेवूं लागले. विसावें शतक संपतां संपतां तळहाताएवढ्या यंत्रांत औषधांची सूचि मावूं लागली. 'पी. डी. आर.' ची शेवटची छापील आवृत्ति, एकाहत्तरावी, २०१७ सालीं निघाली. आज अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयानें चालविलेल्या 'डेलीमेड' या संग्रहांत वेष्टनपत्रकें कोणासही फुकट वाचतां येतात. ब्रिटिश फॉर्म्युलरी छापून वर्षांतून दोनदां येते, तर तिची संगणकावरील प्रत महिन्याच्या महिन्यास सुधारली जाते.

यानें शाईचा दोष गेला. मोल कोण देतो हा प्रश्न मात्र तसाच राहिला. डॉक्टरांस फोनवर फुकट मिळणाऱ्या एका लोकप्रिय अमेरिकन सूचीचें उत्पन्न बरेचसें औषध-कंपन्यांच्या संदेशांतून येत असे. दुसरा दोष यंत्राच्या अति-सावधपणाचा. दोन औषधें एकत्र लिहितांच यंत्र इशारा देतें. क्षुल्लक बाबींवरही तें इतक्यांदा देतें कीं, डॉक्टर न वाचतांच तो पुसून टाकूं लागतो. आणि मग खरा लांडगा येतो तेव्हांही कोणी धांवत नाहीं. नांवांतील साम्याचा घोळही यंत्रानें आपोआप सुटत नाहीं. पोटांतील आम्ल कमी करणारें 'लोसेक' आणि लघवी वाढविणारें 'लॅसिक्स' यांत अमेरिकेंत इतकी गल्लत होऊं लागली कीं, १९९० मध्यें पहिल्याचें नांव बदलून 'प्रायलोसेक' करावें लागलें.

याच्या उलट प्रकार आपल्या घरांत घडूं शकतो, तो म्हणजे एकाच वस्तूस दोन नांवें. मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेस जाणारे आईबाप पिशवींत सहा महिन्यांचीं औषधें घेऊन निघतात. येथील पॅरासिटामॉल तेथें अॅसिटामिनोफेन. दम्याचें सालब्युटामॉल तेथें आल्ब्युटेरॉल. क्षयावरील रिफांपिसिन तेथें रिफांपिन. मधुमेहाचें ग्लिबेन्क्लामाइड तेथें ग्लायब्युराइड. तेथील डॉक्टर नवें औषध म्हणून ग्लायब्युराइड लिहून देतो, बाबा पिशवींतील गोळीही नेमानें चालूच ठेवतात, आणि दुप्पट मात्रेनें रक्तांतील साखर घसरून ते भर दुपारीं घाम सुटून खालीं बसतात. तेथील ग्रंथांत, मग तो कागदाचा असो वा फोनमधला, पिशवींतील व्यापारी नांव शोधून बहुधा सांपडत नाहीं. सांपडतें तें मूळ नांवावरून. म्हणून तें नांव, मिलिग्रॅमचा आंकडा आणि दिवसांतून किती वेळां हें लिहिलेली चिठ्ठी पारपत्रासोबत ठेवावी, आणि नवें औषध हातीं पडतांच ती त्या डॉक्टरापुढें धरावी.