तो चावत होता, कारण पोट दुखत होतं

मी दौंड तालुक्यातल्या केडगावचा. माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, जवळजवळ बोलत नाही. आज थेरपी, शाळा हे विषय बाजूला ठेवू. त्याच्या शरीराबद्दल बोलायचंय.

गेल्या उन्हाळ्यात तो अचानक स्वतःच्या हाताला चावायला लागला. रात्र रात्र जागा. जेवणाचं ताट ढकलून द्यायचा. एका दवाखान्यात नेलं, तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं, "ऑटिझम आहे ना, असं करणारच." झोपेचं औषध दिलं. पोटाला कोणी हात लावला नाही. आणि खरं सांगू? मीही म्हटलं नाही, की लावा.

तीन आठवडे असेच गेले. मग त्याच्या आईच्या लक्षात आलं, की चावण्याआधी तो दरवेळी ओट्याच्या कडेला पोट दाबून उभा राहतो. तिने मोबाईलवर व्हिडिओ काढला. केडगाव स्टेशनवरून गाडी धरून पुण्याला गेलो, डॉक्टरांना तो दाखवला. त्यांनी पोट तपासलं. बद्धकोष्ठता! उपचार सुरू झाले आणि हळूहळू चावणंही थांबलं.

ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये पोटाच्या तक्रारी, झोपेचा त्रास, फिट्स हे इतरांपेक्षा जास्त आढळतं. आमचा मुलगा तीन-चारच पदार्थ खातो, पाणी कमी पितो, बाहेरच्या संडासात जात नाही. मग पोट बिघडणारच की! पण "दुखतंय" हा शब्दच नसेल, तर दुखणं वागण्यातून बाहेर येतं. म्हणून वागणं अचानक बदललं, तर आधी दात, कान, पोट बघून घ्या.

आता आम्ही काय करतो? त्याला काय चालतं, काय चालत नाही, दुखलं की तो काय करतो, हे एका कागदावर लिहून डॉक्टरांना देतो. नंबर येईपर्यंत बाहेर झाडाखाली थांबतो. स्टेथोस्कोप आधी माझ्या छातीला, मग त्याच्या.

दोन गोष्टी माहीत असू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तपासणी आणि उपचारात प्राधान्य देण्याची तरतूद आहे. आणि नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, त्यात ऑटिझम येतो.

ते तीन आठवडे मला परत मिळणार नाहीत. तुमचे वाचले, तर बरं वाटेल. भेटू पुढच्या भागात.