राजकीय कैद्यांना माफी द्यावी काय?

आपल्या वाशीमच्या शेजारीच पुसद. १९३० च्या जुलैत तिथल्या राखीव जंगलात लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापले आणि तुरुंग पत्करला. पुढे ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन कराराने सत्याग्रही कैदी सुटले. हिंसेबद्दल शिक्षा झालेल्यांना मात्र ती सवलत नव्हती.

आता चिमूर-आष्टी घ्या. ऑगस्ट १९४२ मध्ये तिथे गोळीबार झाला, जमाव खवळला, अंमलदार नि पोलीस मारले गेले. अनेकांना फाशी सुनावली गेली. अनसूयाबाई काळे यांनी त्यांच्यासाठी जिवाचे रान केले, आणि १९४५ मध्ये त्यांतल्या कित्येकांची फाशी टळली. बरे झाले, असेच मी म्हणेन. जमावाच्या कृत्याचे माप एकाच्याच पदरात कसे घालायचे? पण मेलेला शिपाईही कुणाचा तरी मुलगा होताच की!

आज संविधानाच्या १६१ व्या कलमाने राज्यपालांना माफीचा अधिकार आहे. तो वापरताना दोन प्रश्न विचारावेत. इजा कोणाला झाली? आणि विरुद्ध पक्षाच्या माणसालाही हीच माफी मिळाली असती का? गवत कापणाऱ्याला खुशाल सोडावे. घर जाळणाऱ्याची शिक्षा फार तर हलकी करावी, तीही ज्याचे घर जळले त्याचे ऐकून घेतल्यावरच. शिक्षक बंधुभगिनींनी हे दोन प्रश्न वर्गात जरूर मांडावेत.