रोपाची नोंद



  

परिषदेच्या अध्यक्षाने भाषणात वनस्पतिशास्त्राच्या वर्षभराच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, असा आपला प्रघात आहे. मी तो लिहायला बसलो होतो. नव्या जाती, डीएनए बारकोडिंग, हर्बेरियमच्या नमुन्यांचे डिजिटायझेशन, असे सगळे मुद्दे काढले होते. पण यादीत सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातले हेवाळे-बांबर्डे आले आणि लेखणी तिथेच अडली. बरीच वर्षे मनात असलेले एक गाऱ्हाणे आज या व्यासपीठावर घालतो. आढावा पुढचे अध्यक्ष घेतील.

बांबर्ड्याची राई आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्यात पाय रोवून उभी असलेली जायफळाच्या कुळातली झाडे, मायरिस्टिका मॅग्निफिका. खोडाच्या बुंध्यापासून फुटलेली आधारमुळे, चिखलातून वर आलेली श्वसनमुळे, फूटभर लांबीची पाने, सालीला छेद दिला की पाझरणारा तांबडा रस. अशा गोड्या पाण्याच्या दलदली त्रावणकोरच्या जंगलात असल्याचे अभ्यासक कृष्णमूर्तींनी 1960 साली नोंदवले. पुढे उत्तर कन्नड आणि गोव्यातल्या सत्तरीपर्यंत त्या सापडत गेल्या. महाराष्ट्रात ही दलदल उशिरा उजेडात आली. 2021 मध्ये शासनाने 2.59 हेक्टरला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. देवाच्या भयाने आणि भक्तीने गावाने ती राई तोवर राखली होती, म्हणून शासनाला दर्जा द्यायला काही उरले.

आता गाऱ्हाणे. आपण झाड लिहितो, रोप लिहीत नाही. आपली वर्णने फांदी, पान, फूल, फळ इथवर येतात आणि संपतात. झाडाखाली त्याची पुढची पिढी आहे की नाही, हे आपल्या फ्लोरांत, म्हणजे प्रदेशांच्या वनस्पतिग्रंथांत, सहसा शोधून सापडायचे नाही. दुर्मिळ झाडाच्या बाबतीत हे अर्धवट वर्णन आहे, असे मी स्पष्ट म्हणतो.

मायरिस्टिका विभक्तलिंगी आहे. नर वेगळा, मादी वेगळी. नरफुलात पुंकेसर जुळून एक स्तंभ होतो, मादीफुलात एकच अंडाशय. फुले इतकी बारीक आणि इतक्या उंचावर असतात की नमुना गोळा करणारा बहुधा पानांवरच समाधान मानतो. एखाद्या राईत चाळीस झाडे मोजली आणि त्यांत फळणाऱ्या माद्या चारच असल्या, तर त्या राईत झाडे किती म्हणायची?

मॅग्निफिका ही स्वतंत्र जाती मानायची की मायरिस्टिका फॅटुआचा एक प्रकार (व्हरायटी), यावर आपल्याकडे अजून आवाज चढतात. बारकोडिंग करणारे म्हणतात, आम्ही निकाल देऊ. द्यावा. पण नेहमीचा बारकोड हरितलवकातल्या डीएनएवर चालतो, तो नर-मादी सांगत नाही. नावापेक्षा काय नोंदवायचे, याचा निकाल माझ्यापुरता फार पूर्वी लागला. सिंधुदुर्गातल्या एका राईत विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. देवस्थानचे एक वयस्क मानकरी सोबत होते. आम्ही खोडांना पट्टी लावून घेर मोजत होतो. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तरांनू, ह्या झाडाक कधी फळ धरूक नाय. पलीकडची दोन धरतत. व्हाळ लवकर आटलो की त्यांच्या खालची रोपां मरतत." पुढे फुलोऱ्याच्या दिवसांत जाऊन मी फुले उघडून पाहिली. त्यांचे शब्द खरे निघाले. तीन वाक्यांत त्यांनी लिंग, फलधारणा आणि पुनरुत्पादनाची अट सांगितली होती. आपल्या कोणत्याही नमुनापत्रकावर या तिन्हींसाठी रकाना नाही.

त्या राईचे पुढे काय झाले तेही ऐका. वरच्या अंगाला कुणी पाइप टाकून व्हाळाचे पाणी पोफळीच्या बागेकडे वळवले. देवळाचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा राईतून सिमेंटची वाट आणि व्हाळाच्या काठाने भिंत आली. कुऱ्हाड कुणी लावली नाही. काही वर्षांनी एका अहवालात मी वाचले की तिथली झाडांची संख्या स्थिर आहे. संख्या खरोखर तेवढीच होती. खाली मात्र गुडघाभर उंचीचे एकही रोप नव्हते. मी त्या चिखलात, म्हणजे जिथे पूर्वी चिखल होता त्या भेगाळलेल्या जमिनीवर, संध्याकाळपर्यंत शोधत होतो. शंभर वर्षांचे झाड मरायला वेळ लागतो, म्हणून त्याला जिवंत म्हणायचे का? त्या 'स्थिर' या शब्दाचा मला आजही राग येतो.

काही मित्र म्हणतात, बियाणे पेढीत ठेवू. कसे ठेवणार? या कुळातली बी मोठी आणि ओलसर असते, वाळली की मरते. आपण तीळ-नाचणीसाठी जे शीतगृह बांधले, ते तिला चालत नाही. कागदी पाकिटातून पाठवलेल्या अशा बिया एका रोपवाटिकेत कुजताना मी पाहिल्या आहेत. बी पडली की ओल्या जमिनीतच रुजायची, नाहीतर ककणेराने, म्हणजे धनेश पक्ष्याने, गिळून दुसऱ्या ओल्या जागी टाकायची. म्हणजे व्हाळ राखायचा आणि ककणेर राखायचा. अडीच हेक्टरांत झाडे मावतात, व्हाळाचे पाणलोट क्षेत्र मावत नाही. त्या क्षेत्रात काय लावले जाते, हे दोडामार्गात रबराचे मळे पाहणाऱ्याला सांगायला नको.

फळणाऱ्या मादीवर घाला कसा पडतो, हे तिच्या बहिणीकडे पाहून कळते. मायरिस्टिका मलबारिकाची रामपत्री, म्हणजे बीवरचे आवरण, बाजारात जाते. पत्री फक्त मादीला. फळ पिकायच्या आत काढायचे म्हणून फांद्याच तोडतात. उत्तर कन्नडात हे वर्षानुवर्षे चालले आहे. त्याच जिल्ह्यातल्या काथलेकानच्या दलदलीतून 2000 साली बिब्ब्याच्या कुळातला एक मोठा वृक्ष शास्त्राला नव्याने कळला, सेमेकार्पस काथलेकानेन्सिस. माणसांच्या येण्याजाण्यातल्या त्या जंगलात एवढे झाड 2000 पर्यंत आपल्याला दिसले नव्हते. तिथे त्याचे रोप कुणाच्या लक्षात येणार!

वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात देवरायांची पायपीट केली, तेव्हा ते आधी गावकऱ्यांशी बोलत. ती रीत आपण सोडली. आज तरुण सहकारी राईत उतरतो, जीपीएसचा बिंदू घेतो, पान सिलिका जेलमध्ये टाकतो आणि दुपारच्या गाडीने परततो. त्याला मी दोष देत नाही. त्याला पदवी, शोधनिबंध आणि नोकरी याच कामावर मिळते. दोष आपला, परीक्षक म्हणून खुर्चीत बसणाऱ्यांचा. वर्षभर एकाच झाडाखाली बसणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रबंध 'नवे काही नाही' म्हणून परत पाठवणारे याच सभागृहात आहेत.

तेव्हा परिषदेने एक नोंदपत्रक ठरवावे. झाड नर की मादी, या वर्षी फळले का, खाली रोपे आहेत का, उन्हाळ्यात पाणी कुठवर उतरते, आणि हे कोणी सांगितले, त्या माणसाचे नाव. बाकी रकाने वनविभाग आणि ग्रामसभा यांच्याशी बोलून ठरवता येतील. हर्बेरियमच्या नमुन्यासोबत ते जोडावे. खर्च कसा भागवायचा, पत्रके कुठे जमा करायची, हे कार्यकारिणीने पाहावे.

अध्यक्षाने स्वतः ठराव मांडायचा नसतो, असा संकेत आहे. तो आज मी मोडतो आहे. दुपारच्या सत्रात हा ठराव माझ्याच नावाने येईल. ज्यांचा विरोध असेल त्यांनी जरूर बोलावे. फक्त बोलायला उभे राहताना आपण शेवटचे कोणत्या झाडाचे रोप पाहिले आणि ते कुठे, एवढे आधी सांगावे.