पन्नासपैकी एकतीस
(कोजागरीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)

मसाला दूध हातात घेऊन मी बिअरवर बोलणार आहे, तेव्हा आधीच माफी मागतो.

आम्ही दोघं मुलाकडे इंग्लंडात, डर्बीला गेलो होतो. चिरंजीव घरीच 'बिटर' नावाची इंग्लिश एल बनवतो. तिकडे 1963 पासून त्याला परवाना लागत नाही. विकायची मात्र नाही. "बाबा, इतकी वर्षं शाखांची तपासणी केलीत, आता हिची करा," म्हणाला आणि घरगुती बिअरच्या स्पर्धेतला गुणतक्ता पुढे ठेवला. एकूण गुण 50. वास 12, रंगरूप 3, चव 20, तोंडात लागणारा भरीवपणा 5, एकूण परिणाम 10.

रीत सोपी आहे. बाटली बर्फासारखी गार नको, 12-13 अंश पुरे. फार गार केली की वास दबतो. ग्लास अर्धाच भरायचा. आधी वास, मग रंग, मग घोट.

रंग तांब्याचा, वर पांढरा फेस. तीनपैकी तीन. चव आधी बिस्किटासारखी, ती माल्टची. मग हॉप्सचा फुलांसारखा, जरा मातकट गंध आणि शेवटी कडवटपणा. तो स्वच्छ लागायला पाण्यात जिप्सम हवं. जवळच्या बर्टन गावच्या विहिरींत ते मूळचंच आहे. तिथली पेल एल एकोणिसाव्या शतकात जहाजांनी हिंदुस्थानात यायची. मुलगा नळाच्या पाण्यात जिप्सम घालतो.

पण एक वास खटकला, लोण्याचा. किंचित असता तर चालतो. हा जास्त होता. मी गुण कापले. बेरीज 31.

सवयीनं विचारलं, "चूक कुठे झाली?"

म्हणाला, "आंबताना यीस्टमुळेच हा वास येतो आणि शेवटी यीस्टच तो खाऊन टाकतं. दोन-तीन दिवस जास्त द्यावे लागतात. तुम्ही येईपर्यंत तयार व्हायला हवी होती, म्हणून बाटल्या लवकर भरल्या."

मी गप्प. शाळेत त्यानं 92 आणले की मी उरलेले 8 विचारायचो. त्यालाही आठवलं असावं, हसत होता.

गुण बदलले नाहीत. खोटा अहवाल आयुष्यात लिहिला नाही. शेऱ्यात लिहिलं : 'आवडली. पुढच्या वेळी आमच्यासाठी घाई करू नये.'

परीक्षकानं घोटभरच घ्यायची असते. मी ग्लास संपवला.

दूध गार होतंय.