उरलेल्या बियांचे आयुष्य



जयपुरातील परसबागेत पावसाळा संपल्यावर मुळा, गाजर, पालक पेरला जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी भेंडी, टरबूज, खरबूज. वाफे भरतात, तरी पुडीच्या तळाशी चिमूटभर बी उरतेच. पुडीचे तोंड दुमडून ती स्वयंपाकघरातील फळीवर ठेवली जाते. पुढील वर्षी त्या बियांतून काही वाफे हिरवे होतात, काही रिकामेच राहतात, आणि दोष बी विकणाऱ्याच्या माथी मारला जातो. वास्तविक तो पुष्कळदा त्या फळीचाच असतो.

बी हा सजीव असतो. त्याच्या आत निद्रिस्त अंकुर मंद श्वसन करीत असतो. ओल व उष्णता वाढली की श्वसनाचा वेग वाढतो आणि आयुष्य झपाट्याने सरते. अमेरिकन बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी याविषयी ढोबळ नियम सांगितले आहेत. बियांतील जलांश 14 ते 5 टक्क्यांच्या दरम्यान असताना तो 1 टक्क्याने घटला, तर आयुष्य सुमारे दुप्पट होते. साठवणीचे तापमान 5 अंश सेल्सिअसने उतरले, तरीही तसेच घडते. फॅरनहाइटमधील तापमान आणि हवेची टक्केवारीतील सापेक्ष आर्द्रता यांची बेरीज 100 च्या आत असावी, असेही ते सांगतात.

जयपूरला हा हिशेब लावून पाहावा. मे महिन्यात हवा 104 अंश फॅरनहाइट तापली, पण आर्द्रता 25 टक्केच असली, तर बेरीज 129 होते. जुलैमध्ये तापमान 90 अंशांवर उतरले, परंतु आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली, तर बेरीज 165 भरते. म्हणजे लोकांना भय वाटते उन्हाळ्याचे, आणि बियांचा खरा घात होतो तो पावसाळ्यात.

यातच उपायही दडलेला आहे. वैशाख-ज्येष्ठातील कोरडी हवा हे जयपूरचे फुकटचे वाळवणयंत्र होय. बी सावलीत पातळ पसरावे. तापलेल्या गच्चीवर ठेवू नये, कारण प्रखर उन्हाने अंकुर मरतो. पाऊस येण्यापूर्वी ते घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावे आणि घरातील सर्वांत थंड जागी ठेवावे. शीतकपाट असल्यास उत्तम; मात्र बाहेर काढलेली बरणी घरातील हवेइतकी उबदार होईपर्यंत उघडू नये, नाहीतर आत दव धरते. ओले बी बंद बरणीत कोंडणे तर उघडे ठेवण्याहूनही वाईट.

सर्व बियांचे आयुष्य सारखे नसते. चांगल्या साठवणीतही कांद्याचे बी वर्षभरच भरवशाचे असते; भेंडी व मिरची सुमारे दोन वर्षे, गाजर तीन, टोमॅटो व वांगे चार, तर खरबूज पाच वर्षे टिकू शकते. शंका आल्यास 20 बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवाव्यात. 15 उगवल्या, तर उगवण 75 टक्के समजावी. 10 च उगवल्या, तर बी दाट पेरावे. उगवण फारच उतरली असेल, तर ते पेरू नये, कारण बी मरण्यापूर्वी त्याचा जोम ओसरतो आणि उगवलेली रोपेही दुबळी निघतात.

चार पैशांच्या पुडीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. जयपूरजवळच्या दुर्गापुऱ्याचे नाव मिरविणारे ‘दुर्गापुरा मधु’ हे खरबूज त्याचे उत्तर देते. उत्तरेकडील लांब ककडी ही महाराष्ट्रातील काकडीहून निराळी, खरबुजाच्याच जातीची आहे. दोन्ही शेजारी फुलली, की मधमाश्या त्यांचा संकर घडवितात आणि त्या बियांतून पुढील वर्षी गोडी हरवलेली फळे येतात. दरवर्षी नवे बी धरावे लागले, तर हा धोकाही दरवर्षी पत्करावा लागतो. उलट, एका वर्षी वेगळ्या जागी घेतलेले शुद्ध बी कोरडे राखले, तर ते चार-पाच हंगाम पुरते. फळीवरील उघडी पुडी आणि बंद बरणी यांत अंतर असते, ते एवढ्या गोडीचे.